आतून रिकामा डबा

मिस्त्रींनी माझ्या मामेभावाच्या गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट घातलं, आतून गोल फिरवलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटावर जराशी धूळ होती, एवढंच. ऐंशी हजार किलोमीटर पळालेली डिझेल गाडी होती ती. मग शेजारी उभ्या असलेल्या, साधारण तिच्याच वयाच्या दुसऱ्या गाडीकडे जाऊन त्यांनी तसंच बोट फिरवलं. या वेळी ते दुसऱ्या पेरापर्यंत काळं होऊन आलं, काजळाच्या डबीत बुडवल्यासारखं. “हिचा डीपीएफ उडवलाय,” ते म्हणाले. “खालून बघा, डबा जागेवर आहे. आत काही नाही.”

मामेभावाच्या गाडीत तीन महिन्यांपासून डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागत होता. घर, शाळा, ऑफिस, मंडई अशा तिच्या फेऱ्या. एका वेळी चार-पाच किलोमीटर, तेही सिग्नलला थांबत थांबत. नवीन फिल्टर बसवायचा तर सर्व्हिस सेंटरने सांगितलेला आकडा लाखाच्या पुढचा होता. मिस्त्री त्याच्या चौथ्या भागात काम करायला तयार होते. “बघा दादा, डबा तसाच ठेवतो, आतली जाळी काढतो. ईजीआरपण बंद करतो. सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही बंद करून देतो. ॲव्हरेज वाढेल, पिकअप वाढेल, दिवा परत लागायचा नाही. आणि पीयूसीला काही अडचण येत नाही.”

या चार आश्वासनांवर जगभर गेली पंधराएक वर्षं भांडण चाललं आहे. अमेरिकेत या कामाला ‘डिलीट’ म्हणतात, त्यावर खटले झाले, तुरुंगवास झाला, माफी झाली. ब्रिटनने त्यासाठी वार्षिक तपासणीचे नियम बदलले. आपल्याकडे २०२० नंतरच्या गाड्या वॉरंटीबाहेर पडू लागल्या तसा हा प्रश्न गॅरेजच्या दारात आला. दोन्ही बाजू तपासल्यावर माझं मत असं झालं आहे की, गाडीमालकांची तक्रार बहुतांशी खरी आहे. पण डबा रिकामा केला की त्या तक्रारीचं ओझं मालकाच्या खिशातून रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत जातं, आणि त्या माणसाला कुणी विचारलेलं नसतं.

आधी हा डबा कशासाठी आला ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटतं. या पद्धतीमुळेच डिझेलला ताकद आणि ॲव्हरेज मिळतं, आणि घाणही याच पद्धतीतून येते. ज्वाला फार तापली की हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जातो आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स, म्हणजे नॉक्स, तयार होतात. जिथे इंधन नीट मिसळत नाही तिथे ते अर्धवट जळून काजळी होते. ज्वाला थंड करावी तर नॉक्स कमी होतो पण काजळी वाढते. काजळी पूर्ण जाळायला जावं तर नॉक्स वाढतो. इंजिन बनवणारे अनेक दशकं या कात्रीत अडकले होते. शेवटी त्यांनी ज्वालेशी झटण्याबरोबर धूर बाहेर पडल्यानंतर धुण्याची व्यवस्था केली.

या व्यवस्थेतल्या तीन गोष्टींची नावं गॅरेजमध्ये सारखी ऐकू येतात. ईजीआर बाहेर पडलेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडतं. ही उष्टी हवा आत आली की ज्वाला मवाळ होते आणि नॉक्स घटतो. डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. तो मधमाशांच्या पोळ्यासारखा दिसतो, पण त्यातल्या बोळांचं एक आड एक तोंड बंद असतं, त्यामुळे धुराला सिरॅमिकच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपूनच बाहेर पडावं लागतं. तिसरी एससीआर. ट्रकवाले तिला सरळ ‘युरिया’ म्हणतात, कारण तिला स्वतंत्र टाकीतून ३२.५ टक्के युरिया असलेलं पाणी लागतं. गरम धुरात त्या युरियाचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर त्याची नॉक्सशी गाठ पडली की बाहेर साधा नायट्रोजन आणि वाफ येते.

भारतात ही सगळी यंत्रणा एका उडीत आली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-४ वरून थेट बीएस-६; मधली पायरी वगळली. डिझेल मोटारीला किलोमीटरमागे नॉक्सची मुभा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली आणि कणांची २५ वरून ४.५ वर. शिवाय कणांची संख्याही मोजायची, कारण अतिसूक्ष्म कणांना वजन जवळजवळ नसतं. इंधनातलं गंधक त्याच दिवशी देशभर दहा लाखांत ५० भागांवरून १० वर आणलं गेलं. गंधकयुक्त डिझेलवर ही यंत्रणा टिकत नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांनी त्यासाठी मोठा खर्च केला आणि काम वेळेत पुरं केलं. हे यश आहे, आणि त्याचं पुरेसं कौतुक झालं नाही असं मला वाटतं.

पण कारखाना आणि पंप तयार झाले म्हणून रस्ता आणि वापरणारा माणूस तयार झाला असं होत नाही. डीपीएफ भरतो, आणि भरला की स्वतःला जाळून साफ करतो. याला रीजनरेशन म्हणतात. लांब रस्त्यावर, घाटात, भरलेल्या गाडीत धूर मुळातच गरम असतो, तेव्हा काजळी आपोआप हळूहळू जळत राहते. शहरात तेवढी उष्णता येत नाही. मग संगणक सिलिंडरात जादा डिझेल सोडून फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी पेटवतो. या कामाला दहा-वीस मिनिटं सलग गाडी चालावी लागते. आपण मात्र तोवर शाळेच्या दारात पोचलेलो असतो आणि चावी बंद करतो. पुढच्या फेरीत पुन्हा सुरुवात, पुन्हा अर्धवट. दर वेळी सोडलेल्या जादा डिझेलचा काही अंश सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतो. मामेभावाने डिपस्टिक काढून दाखवली तेव्हा ऑइल खुणेच्या वर गेलं होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगचा घात करतं. गाडी विकताना ‘शहरातल्या शहरात फिरवणार असाल तर डिझेल घेऊ नका’ असं त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. मॅन्युअलमध्ये चार ओळी होत्या, त्याही इंग्रजीत.

ईजीआरचं दुखणं निराळं. परत आणलेल्या धुरातली काजळी आणि इंजिनातल्या तेलाची वाफ एकत्र येऊन आत जाणाऱ्या हवेच्या वाटेवर डांबरासारखा थर बसतो. कामाला आलेला असा एक इनटेक मॅनिफोल्ड मिस्त्रींनी मला दाखवला. मनगट सहज जाईल अशा तोंडात जेमतेम अंगठा जात होता. ‘इंजिनाला स्वतःचीच घाण खायला घालतात’ हे मेकॅनिक मंडळींचं आवडतं वाक्य ज्याने हे पाहिलं आहे त्याला सहज पटतं.

ट्रकवाल्यांचं दुखणं युरियाचं. टाकी रिकामी झाली, किंवा भरलेली असूनही सेन्सर चुकला, की संगणक इंजिनाची ताकद कमी करत नेतो. मालकाने दुरुस्ती टाळू नये म्हणून नियमातच ही शिक्षा लिहिलेली आहे. पण कसाऱ्याच्या चढात माल भरलेल्या गाडीची ताकद जाते तेव्हा त्या ड्रायव्हरच्या लेखी कायदा म्हणजे मागे लागलेली रांग आणि नासत चाललेला भाजीपाला. त्यातच बनावट युरियाची भर. शेतीच्या युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा भार सरकार उचलतं. हा स्वस्त युरिया वळवून गाड्यांचं द्रावण बनवण्याचे उद्योग उघडकीस आले आहेत. २०१५ पासून शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा थर सक्तीचा आहे. तो थर आणि त्यातली इतर अशुद्धता नोझल चोंदवते, उत्प्रेरक खराब करते. म्हणजे खरिपात कृषी सेवा केंद्राबाहेर रांगेत उभा राहिलेला शेतकरी आणि महामार्गावर बंद पडलेला ड्रायव्हर, दोघांनाही एकाच गोणीने नाडलं.

ही परावलंबनाची भीती पोकळ नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने युरियाच्या निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा दक्षिण कोरियात मालवाहतूक ठप्प होण्याची वेळ आली, कारण त्यांचा औद्योगिक युरिया जवळजवळ सगळा चीनमधून येत होता. सरकारने लष्करी विमान ऑस्ट्रेलियाला पाठवून २७ हजार लिटर द्रावण आणलं. युद्ध नव्हतं की दुष्काळ नव्हता, तरी ट्रक चालावेत म्हणून युरियाच्या पाण्यासाठी हवाई दलाला उडावं लागलं.

या सगळ्या तक्रारींचा सर्वांत मोठा आवाज अमेरिकेत उठला, म्हणून तिथे जरा थांबायला हवं. प्रदूषण नियंत्रणाची उपकरणं काढायला तिथला १९७० चा स्वच्छ हवा कायदा मनाई करतो, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर सामान्य गाडीमालक आणि असे सुटे भाग विकणारेही त्या मनाईत आले. तरीही २००७ नंतर डीपीएफ आणि २०१० च्या सुमारास एससीआर आल्यावर डिलीटचा बाजार उघडपणे फुलला. तिथल्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, नोव्हेंबर २०२० मध्ये एक अंदाज मांडला : दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप ट्रकांची यंत्रणा काढली गेली होती, म्हणजे त्या वर्गातल्या दर शंभर गाड्यांमागे सुमारे पंधरा. या गाड्या त्यांच्या आयुष्यात ५ लाख ७० हजार टन जादा नॉक्स आणि ५ हजार टन जादा कण सोडणार होत्या. रस्त्यावर नियम पाळणारे ९० लाख जादा ट्रक आणण्याइतकाच हा परिणाम होता.

हा शेवटचा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचला. साडेपाच लाख गाड्यांनी ९० लाखांची घाण करावी, एकेका डब्यामागे सोळा डबे. ‘माझ्या एका गाडीने काय होणार’ या प्रश्नाला याहून नेमकं उत्तर मला सापडलेलं नाही. नवी यंत्रणा इतकी चांगली आहे, म्हणूनच ती काढण्याची किंमत इतकी मोठी आहे.

अमेरिकेतल्या डिलीट करणाऱ्यांत दोन जाती होत्या, आणि त्यांची गल्लत केल्यामुळे वाद बिघडला असं मला वाटतं. एक जात मुद्दाम धूर काढणाऱ्यांची. इंजिनात गरजेपेक्षा जास्त डिझेल ओतायचं आणि सायकलवाल्यावर किंवा विजेच्या गाडीवर काळा ढग सोडायचा, याला ते ‘रोलिंग कोल’ म्हणतात. न्यू जर्सीने २०१५ मध्ये आणि कोलोरॅडोने २०१७ मध्ये त्याविरुद्ध कायदे केले. युटा राज्यातल्या डॉक्टरांच्या एका संस्थेने ‘डिझेल ब्रदर्स’ या टीव्ही कार्यक्रमातल्या मंडळींवर खटला भरला आणि २०२० मध्ये त्यांना साडेआठ लाख डॉलरच्या आसपास दंड झाला. अपिलात त्याचा काही भाग फेरविचारासाठी परत गेला. सॉल्ट लेकचं खोरं हिवाळ्यात झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखं होतं, धूर वर जात नाही. तिथले डॉक्टर कोर्टात का गेले हे समजणं अवघड नाही.

दुसरी जात शेतकऱ्यांची आणि मालवाहतूकदारांची. त्यांना ढग सोडायचा नव्हता, त्यांना कापणीच्या दिवशी ट्रक चालू हवा होता. त्यांची अडचण सरकारनेही मान्य केलेली आहे. रुग्णवाहिका आणि अग्निशमन गाड्या फिल्टरपायी ऐन वेळी बंद पडू नयेत म्हणून ईपीएने २०१२ मध्येच त्यांच्यासाठी सवलत काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये ईपीएचे प्रमुख ली झेल्डिन यांनी आयोवाच्या जत्रेत जाहीर केलं की, युरिया संपल्याबरोबर ट्रक एकदम रांगायला लागू नयेत अशी सॉफ्टवेअर बदलावीत, आणि २०२७ च्या मॉडेलपासून नव्या ट्रकांत तशी रचनाच असावी. हा निर्णय मला योग्य वाटतो. यंत्रणा जागेवर राहते आणि ड्रायव्हरला दुरुस्तीपर्यंत पोचायला वेळ मिळतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मात्र राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी वायोमिंगमधल्या एका डिझेल मेकॅनिकला माफी दिली; शेकडो मोठ्या ट्रकांची प्रदूषण-देखरेख बंद केल्याबद्दल त्याला वर्षभराची शिक्षा झाली होती. त्याच्याच राज्यातल्या सिनेटर सिंथिया लुमिस यांनी तर ही उपकरणं सक्तीची करण्याचा अधिकारच सरकारकडून काढून घेणारं विधेयक आणलं. मेकॅनिकला तुरुंगात टाकणं फार झालं, असं मलाही वाटतं. पण शिक्षा जड होती म्हणून कृत्य निर्दोष ठरत नाही, आणि तिथला वाद हळूहळू त्याच दिशेला सरकला.

त्या मेकॅनिकच्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा कुणालाही टाळता येणार नाही. मोठ्या कंपन्यांनी हेच केलं तेव्हा काय झालं? १८ सप्टेंबर २०१५ रोजी फोक्सवॅगनचं प्रकरण फुटलं. तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरती यंत्रणा नीट चालवणारं आणि रस्त्यावर ती ढिली सोडणारं सॉफ्टवेअर जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत होतं. काही गाड्यांचा नॉक्स अमेरिकी मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत गेला. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहानशा गटाने गाडीच्या मागे मोजयंत्र बांधून प्रत्यक्ष रस्त्यावर हे पकडलं. त्या गटात भारतातून शिकायला गेलेले अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा होते. आपल्याकडची तपासणी पुण्याच्या एआरएआयने केली, भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटींचा दंड लावला, ज्याच्या वसुलीला पुढे सर्वोच्च न्यायालयात अटकाव मिळाला. डिसेंबर २०२३ मध्ये कमिन्सने अमेरिकेत १६७ कोटी ५० लाख डॉलर दंड मान्य केला. स्वच्छ हवा कायद्याखालचा तो सर्वांत मोठा दिवाणी दंड. आरोप होता लाखो पिकअप ट्रकांच्या इंजिनांत यंत्रणेला बगल देणारं सॉफ्टवेअर असल्याचा.

कारखान्यात लपवून केलेलं आणि गॅरेजमध्ये पैसे घेऊन केलेलं काम हवेच्या दृष्टीने एकच. लोकांच्या मनात ते एक नाही. ‘कंपन्या दंड भरून सुटतात, आम्हाला मात्र पकडतात’ ही भावना इथल्या गॅरेजमध्येही मी ऐकली. ती दूर करायची तर उत्पादकांवरची नजर आधी कडक हवी. बीएस-६ चा दुसरा टप्पा एप्रिल २०२३ मध्ये आला आणि नव्या गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर मोजण्याचं बंधन त्यात आलं, ही त्या वाटेवरची खरी सुधारणा.

आता मिस्त्रींच्या आश्वासनांकडे. ॲव्हरेज वाढतं का? थोडं वाढतं. रीजनरेशनचं जादा डिझेल वाचतं, धुराच्या वाटेतला अडथळा जातो. पण बरीचशी वाढ नव्या सॉफ्टवेअरमुळे असते, आणि ते ज्वाला जास्त तापवून, म्हणजे नॉक्स वाढवून मिळवलेलं असतं. काही जण पुढे म्हणतात की, इंधन वाचलं म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी, म्हणजे पृथ्वीचं भलंच. या हिशेबात काजळी धरलेली नसते. काळे कण स्वतःच ऊन शोषून हवा तापवतात. पिकअपबद्दल वाद नाही, तो वाढतो. क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो त्या जादा जोरासाठी बनवलेले नसतात हे पुढच्या बिलात कळतं. दिवा लागत नाही हेही खरं, कारण दिवा लावणारा सेन्सरच खोटं बोलायला शिकवलेला असतो. उद्या इंजिनात दुसरा बिघाड झाला तर स्कॅनर लावणाऱ्या मिस्त्रीलाही तो खोटंच सांगेल.

आणि काजळी? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग करणारा हे ठरलं. आपलं सगळं लक्ष या काळ्या धुरावर असतं, कारण तो डोळ्यांना दिसतो, पांढऱ्या शर्टावर बसतो. नॉक्स दिसत नाही. त्यातला नायट्रोजन डायऑक्साइड श्वासनलिकांना सूज आणतो, दमेकऱ्याचा दमा चाळवतो. उन्हात त्यापासून जमिनीलगतचा ओझोन बनतो, आणि थंडीत अमोनियाशी मिळून तो पुन्हा सूक्ष्म कण होतो, गाडीपासून कित्येक किलोमीटरवर. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस घनमीटरमागे वर्षाला सरासरी १० मायक्रोग्रॅम आहे. आपलं राष्ट्रीय मानक ४० चं. ज्या चौकात ट्रॅफिक हवालदार आठ तास उभा असतो, टोलनाक्याच्या खिडकीत जी मुलगी पावती देते, उड्डाणपुलाखाली ज्यांचा संसार आहे, त्यांच्या नाकाच्या उंचीवर आपला सायलेन्सर उघडतो. गाडीत काच लावून बसलेल्या माणसाला त्याच्या ॲव्हरेजचा हा भाग कधी दिसत नाही.

कायदा आपल्याकडे आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड ठेवला. हवा प्रदूषणाचं मानक मोडल्यास कलम १९० खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण रस्त्यावर अलॉय व्हील, काळ्या काचा आणि कर्कश सायलेन्सर पकडले जातात, कारण ते दिसतात आणि ऐकू येतात. रिकामा डबा बाहेरून भरल्यासारखाच दिसतो. दिल्लीत तर वर्षानुवर्षं वाद चालला आहे तो गाडीच्या वयावर, डिझेलला दहा वर्षं की अधिक. पाच वर्षांची डबा रिकामा केलेली गाडी त्या वादात कुणाच्याच नजरेला येत नाही, आणि नऊ वर्षांची जपून वापरलेली गाडी घाबरून उभी असते.

दिसण्यावर विसंबायची चूक ब्रिटननेही केली होती. फेब्रुवारी २०१४ पासून तिथल्या वार्षिक तपासणीत डीपीएफ जागेवर आहे का ते पाहणं सक्तीचं झालं. गॅरेजवाल्यांनी डबा कापून, आतलं काढून, पुन्हा जोडायला सुरुवात केली. मग युरोपात काही देशांनी बघणं सोडून मोजणं धरलं. इंजिन नुसतं चालू ठेवायचं, नळी लावायची आणि धुराच्या एका घन सेंटिमीटरमध्ये किती कण आहेत ते मोजायचं. बेल्जियमने जुलै २०२२ मध्ये, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ मध्ये आणि जर्मनीने जुलै २०२३ मध्ये हे सुरू केलं. पहिल्या दोघांची मर्यादा दहा लाख कणांची, जर्मनीची अडीच लाखांची. फिल्टर धड असेल तर आकडा सहसा काही हजारांत राहतो, फिल्टर नसेल तर मर्यादेच्या कितीतरी पुढे जातो. मध्ये संशयाला जागा उरत नाही, आणि सगळं काही मिनिटांत होतं. नॉक्स या यंत्राने कळत नाही, त्यासाठी वेगळी व्यवस्था लागते : रस्त्याच्या कडेला प्रकाशकिरण सोडून जाणाऱ्या गाड्यांचा धूर वाचणारी. ती आपल्याला परकी नाही. दिल्ली आणि गुरुग्राममध्ये एक लाखाहून अधिक गाड्या या पद्धतीने मोजून २०२४ मध्ये निष्कर्ष मांडले गेले.

मोजणी आली की मालकाला वाटही द्यावी लागेल. फिल्टर भरला म्हणजे मेला असं नसतं. तो उतरवून, भट्टीत तापवून, हवेच्या दाबाने राख काढून पुन्हा बसवता येतो, आणि नव्याच्या तुलनेत हा खर्च फार थोडा असतो. हे काम सांगली, जालना, अकोल्यातही होईल इतकी केंद्रं हवीत, आणि सर्व्हिस सेंटरने नवीन फिल्टरचा आकडा सांगण्याआधी ते सुचवण्याचं बंधन हवं. ज्या युरो-६ वर आपले नियम बेतलेले आहेत, त्यांत या यंत्रणेने १ लाख ६० हजार किलोमीटर टिकावं अशी अपेक्षा आहे. मग तेवढ्या अंतराची वॉरंटी ग्राहकाच्या हातात लेखी का नसावी? सेन्सर आणि फॉल्ट कोडची माहिती बाहेरच्या मिस्त्रींना वाजवी दरात मिळाली तर त्यांच्यातले अनेक जण काढण्याऐवजी दुरुस्त करण्याचं काम घेतील. आमच्या मिस्त्रींनी हे स्वतः बोलून दाखवलं. स्कॅनरमध्ये ज्या कोडचा अर्थच येत नाही, त्या गाडीचं ते दुसरं काय करणार, हा त्यांचा प्रश्न होता.

मामेभावाने शेवटी फिल्टर साफ करून घेतला. ऑइल बदललं. आता दर दुसऱ्या रविवारी तो सगळ्यांना गाडीत घालून द्रुतगती मार्गावर लोणावळ्यापर्यंत जाऊन येतो, आणि दिवा लागलेला नाही. मला त्याचा आनंद आहे. पण रविवारी लोणावळ्याला जाणं ज्याला परवडतं त्याच्यापुरताच हा उपाय आहे, हेही खरं.

त्या दिवशी गॅरेजमधून निघताना मिस्त्रींच्या चौथ्या आश्वासनाची आठवण झाली. आपल्या पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धुराचा दाटपणा मोजतात. इंजिन काही वेळा जोरात रेज करायचं आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते पाहायचं. बीएस-४ गाडीला १.६२ ची मर्यादा, त्याआधीच्या गाडीला २.४५ ची. आजच्या कॉमन-रेल इंजिनाचा धूर फिल्टर काढल्यावरही बहुधा तेवढा दाट होत नाही, आणि नॉक्स तर या चाचणीत मोजतच नाहीत. दिल्लीतल्या पीयूसी केंद्रांबद्दल कॅगने तर एकाच केंद्रात एकाच वेळी एकाहून अधिक गाड्या तपासल्याच्या नोंदी दाखवून दिल्या आहेत. मी दोन्ही गाड्यांचे नंबर परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून पाहिले. बोट स्वच्छ ठेवणाऱ्या गाडीची पीयूसी पुढच्या मार्चपर्यंत वैध होती. बोट काळं करणारीची जूनपर्यंत.